सैल सोडा म्हणे!

...आणि वर मला म्हणतात काय, तर "सैल सोडा!" अहो, काय सैल सोडू? हाताला सुई, सुईला नळी, नळीला बाटली, बाटलीला स्टँड, स्टँडला चाकं, आणि त्यातलं एक चाक नेमकं वाकडं, म्हणजे मी निघाले बाथरूमला की स्टँड निघतो एक्स-रेला! ह्या सगळ्या लटांबरात सैल सोडण्यासारखं नक्की काय आहे ते एकदा बोट ठेवून दाखवा मला, सोडते की. आत्ताच्या आत्ता सोडते!

नाही नाही, तुम्ही उठू नका, बसा. हे डोक्याला बांधलेलं दिसलं की लोक पटकन खुर्ची सोडतात. मागे एकदा दुकानात एका आजोबांनी सोडली. काठी टेकत, कण्हत उठले बिचारे! मी म्हटलं, "आजोबा, बसा हो, माझे केस गेलेत, पाय शाबूत आहेत." तर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणतात, "कळतं हो बाई... कळतं." काय कळतं? मलाच अजून कळलेलं नाही, ह्यांना काय कळलं?

तर तुम्हाला सांगते, मला कॅन्सर झाला. आंघोळ करताना छातीत गाठ लागली हाताला, मग तपासण्या, मग केमो, मग ऑपरेशन, असा सगळा कार्यक्रम ठरला. भीती वाटली? वाटली! खोटं कशाला बोलू? पण भीतीपेक्षा जास्त वैताग कशाने आला असेल, तर लोकांच्या आवाजाने! ज्या माणसांनी जन्मभर माझ्याशी ओरडून बोलायचं, ती एकदम पाळण्यातलं मूल उठेल अशा आवाजात बोलायला लागली. "कश्शी आहेस गंऽऽ?" आणि दुसरं वाक्य ठरलेलं: "टेन्शन घेऊ नकोस. रिलॅक्स राहा. सैल सोड."

सैल सोड म्हणे! अहो, मी गाडी शिकवते. मोटार ड्रायव्हिंग स्कूल. आमच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक ब्रेक असतो. शिकणारा बसतो स्टिअरिंगला, मी बसते त्याच्या शेजारी, आणि आख्खं आयुष्य माझा उजवा पाय त्या ब्रेकवर. समोरून ट्रक येतो, शिकणारा डोळे मिटून "आई गंऽ" करतो, तेव्हा गाडी थांबते ती काय त्याच्या आईमुळे? माझ्या पायामुळे! आता तुम्ही म्हणाल, बाई, तुम्हीही शिकवताना हेच म्हणत असाल, स्टिअरिंग सैल धरा, खांदे सैल सोडा. म्हणते! हजारदा म्हणते! पण मी म्हणते तेव्हा माझा पाय ब्रेकवर असतो हो... ह्यांचा कुठे असतो?

बरं, दोष तरी कोणाकोणाला द्यायचा? केमोच्या वॉर्डातली सिस्टर घ्या. चांगली बाई. पण माझा हात धरायची, दंडाला पट्टा आवळायची, चापटी मारायची, आणि शीर काही सापडायची नाही. "बाई, तुम्ही मूठ इतकी आवळता की शीर आत पळते. सैल सोडा बघू!" मी म्हणायची, सोडलीय. ती म्हणायची, कुठे सोडलीय? बघते तर खरंच, मूठ वळलेलीच! हाताची चाळण झाली, पण मूठ काही उघडेना. घरी गेले की झोप नाही. त्या औषधांनी झोप उडते म्हणतात, त्यात मी दात इतके आवळून पडायची की सकाळी जबडा दुखायचा. आमचे हे म्हणायचे, "जरा पड ना शांत." ह्यांचं काय, हे छापखान्यात काम करून एका कानाने कमी ऐकतात, आणि तो कान बरोब्बर बायकोच्या बाजूचा! ह्यांना शांतता फुकट मिळते!

शेवटी मी डॉक्टरणीला विचारलं. ही डॉक्टरीण म्हणजे माझीच विद्यार्थिनी बरं का! गाडी माझ्याकडे शिकली. पहिल्याच दिवशी रिव्हर्स घेताना शाळेचं कुंपण आडवं केलं होतं हिने. मला कॅन्सर झालाय हे सांगताना पण तसाच चेहरा केला, कुंपण पाडल्यासारखा. म्हणाली, "मॅडम, झोपेची गोळी देते. आणि हवं तर आपल्याकडे एक सोय आहे. कॉरिडॉरच्या टोकाला एक बाई येतात, रेकी देतात. पेशंटला जरा आराम वाटावा म्हणून."

मी म्हटलं, "रेकी? म्हणजे हात फिरवायचे आणि ऊर्जा यायची? त्याने गाठ जाते?"

"गाठ? नाही. गाठीसाठी औषध."

"मग उपयोग काय?"

"गाठीला काही नाही. तुम्हाला झाला तर बघा. झोप लागली तर माझी ना आहे का? फक्त एक, मॅडम. तिथे किंवा कुठेही, कोणी औषध थांबवा म्हणालं तर त्या क्षणी मला फोन करायचा."

बघा, कुंपण पाडणारी पोरगी, पण ब्रेक कुठे मारायचा ते शिकली!

गेले मग. रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत नाहीतरी बसूनच राहायचं असतं. तर कॉरिडॉरच्या पार टोकाला, चादरींच्या खोलीच्या पुढे, एक पडदा. आत पूर्वी मोडक्या चाकाच्या खुर्च्या ठेवायचे. एक अजून होती कोपऱ्यात, तिच्यावर टॉवेल टाकून तिला टेबल केलेलं. एक निळा दिवा. एक पलंग. आणि त्या टेबलावरच्या एका डबीतून संगीत... पाण्याचं! झुळझुळ, झुळझुळ, झुळझुळ! अहो, केमोच्या आधी आम्हाला तांब्यावर तांब्या पाणी प्यायला लावतात, आणि वर हे ऐकवतात! मी म्हटलं, "ऊर्जा नंतर द्या, आधी तो नळ बंद करा."

ती बाई हसली आणि बंद केला. टेलिफोन खात्यातून रिटायर झालेली. आवाज ऐकूनच कळत होतं, आत्ता म्हणेल "लाइनवर राहा." मी मनातल्या मनात तिचं नाव ठेवलं ऑपरेटरबाई. म्हणाली, "हे बघा, मी कोणाला बरं करत नाही. बरं करणारे बाहेर आहेत. तुम्ही पडायचं, मी हात वरून धरणार. अंगाला लावू की नको?"

मी म्हटलं, "नको."

"नाही लावत."

तुम्हाला सांगते... मी बघतच राहिले. अहो, इतके महिने झाले, येईल तो माझ्या अंगाला हात लावतोय. टोचायला लावतोय, दाबून बघायला लावतोय, धीर द्यायला लावतोय, त्या दुकानातल्या आजोबांपर्यंत! लावू का, असं विचारणारी ही पहिली!

पण म्हणून मी लगेच विरघळले असं समजू नका हं. मी पडले फळीसारखी. तिने डोक्यावर हात धरले, चार बोटं वर. केस नव्हतेच, त्यामुळे ऊब लागली लगेच. मी म्हटलं, "गरम लागतंय, ही ऊर्जा का?"

"हात आहेत. हात गरमच असतात."

जरा वेळाने जोरात आवाज आला, घुर्रर्रर्र! थंड इंजिन चालू करावं तसा. मी म्हटलं, "ही तरी?"

"नाही हो. मी सकाळपासून काही खाल्लं नाही."

मग माझ्या नाकाला खाज सुटली. आता अशा पवित्र वेळी नाक खाजवावं की नाही? आवरलं, आवरलं, डोळ्यांतून पाणी आलं. तिने विचारलं, "काय होतंय?" म्हटलं, "नाकाला खाज." "मग खाजवा की!" "चालतं?" "नाक तुमचं आहे बाई."

खाजवलं. आणि आता ही म्हणणार, माझी खात्री, आता ही म्हणणार... सैल सोडा! मी तयारीतच होते, उत्तर दाताखाली धरून. तर बाईने विचारलं काय? "उजवा पाय कशाला दाबताय हो? चादर निघाली."

बघते तर खरंच! उजवा पाय ताठ, चवडा पुढे, पलंगाच्या दांडीला रेटून धरलेला! म्हटलं, "ब्रेक."

हसेल असं वाटलं. हसली नाही. म्हणाली, "समोर काय आलंय?"

आता हे विचारायचं असतं का? आं? चांगली पडले होते मी, गप्प! समोर काय आलंय म्हणे... समोर काय नाही आलेलं? पुढचा डोस आलाय, त्याच्या मागे ऑपरेशन आलंय, त्याच्या मागे ते रेडिएशनच्या मशीनखाली झोपायचं आलंय, आमचे हे एकटे बसून पावाचा तुकडा चहात बुडवतायत आणि तो चहात पडलाय आणि सांगायला समोर कोणी नाही, हे आलंय, माझी गाडी गॅरेजात धूळ खातेय ती आलीय, स्कूलच्या गाडीत माझ्या जागेवर दुसराच कोणीतरी बसलाय तो आलाय... सगळं एकदम समोरून, चुकीच्या बाजूने, हॉर्न देत! आणि माझं तोंड सुटलं. सगळं सांगितलं. आणि रडले. उताणं पडून रडलं की पाणी सरळ कानात जातं, हे काय कोणी आधी सांगत नाही!

ऑपरेटरबाई म्हणाली, "असू दे पाय तिथेच. दाबून ठेवा हवा तेवढा. माझे हात आहेत वर."

बस्स. एवढंच. आख्ख्या दुनियेत ही एकच बाई, जी मला सैल सोडा म्हणाली नाही. आणि पुढचं मला आठवतच नाही, कारण मी झोपले! आणि झोपले कशी? घोरत! सिस्टर शोधत आली तेव्हा बाहेर ऐकू येत होतं म्हणे. लाळ गळलेली, तोंड उघडं, मूठ उघडी. आणि त्या दिवशी सिस्टरला शीर सापडली पहिल्या फटक्यात.

आता इथे एक स्पष्ट करते. ऊर्जा वगैरे मला काही दिसली नाही. विश्वास बसला? बिलकूल नाही. पुढच्या वेळी जाणार? जाणार! हे म्हणाले, "विश्वास नाही तर जायचं कशाला?" मी म्हटलं, "उशीवर विश्वास ठेवून झोपता का तुम्ही? डोकं टेकता ना? तसंच!"

इथवर ठीक होतं हो. पण माझी बुद्धी फिरली आणि हे मी नणंदेला सांगितलं.

नणंद म्हणजे ह्यांची धाकटी बहीण. मागच्याच गल्लीत राहते. विमा विकते. आणि असा विकते की एकदा मागे लागली की माणूस सही करूनच सुटतो, आमच्या गाडीचा विमा आहे, घराचा आहे, ह्यांच्या त्या कमी ऐकणाऱ्या कानाचा पण असेल! माझं आजारपण निघाल्यापासून ह्या बाईने मला एक दिवस सोडलेलं नाही. सकाळी हिरवा रस. दुपारी फोन. "वहिनी, आजार मनातून येतो. तू राग दाबून ठेवलास, त्याची गाठ झाली." मी म्हटलं, "ताई, मी आणि राग दाबला? कधी दाबला, तारीख सांगा!" संध्याकाळी पुन्हा हजर. "वहिनी, आनंदी राहा. सैल सोड. हसत राहा." हसत राहा! अहो, जिभेला फोड आलेत, हसले की फुटतात!

रेकी म्हटल्यावर तर तिला पंखच फुटले. "बघ! बघ! मी म्हणत नव्हते? पण ती आपली हॉस्पिटलातली साधी. मी तुझ्यासाठी मोठा माणूस आणते. ग्रँडमास्टर!"

आणि आणला की हो! रविवारी दारात उभा. पांढरे कपडे, पांढरे बूट, मनगटात मण्यांच्या एवढ्या माळा की हात वर केला की दुकान उघडल्यासारखा आवाज. घरात शिरल्या शिरल्या डोळे मिटले, नाकाने हवा ओढली आणि म्हणाला, "इथे फार जडपणा आहे." हे पटकन खिडकी उघडायला धावले. ह्यांना वाटलं, फोडणीचा वास आला असेल.

मला बसवलं खुर्चीत. विचारलं का, हात लावू का म्हणून? नाव नको! डायरेक्ट डोक्यावर पंजा. मग दोऱ्याला बांधलेला एक खडा काढला, माझ्या छातीसमोर धरला, तो गोल गोल फिरायला लागला. "हं... हंऽऽ... इथे राग आहे."

मी म्हटलं, "आत्ता आलाय."

"खूप जुना आहे."

"नाही हो, ताजा आहे, तुम्ही आल्यानंतरचा."

नणंद मागून, "वहिनीऽऽ!"

मग त्याने खडा खिशात घातला, माझ्यासमोर स्टूल ओढून बसला, आणि आवाज एकदम मऊ. खव्यासारखा. म्हणाला, "ताई, तुमचं शरीर स्वतःला बरं करू शकतं. पण ते रसायन तुमचा प्रवाह अडवतंय. विष आहे ते. पुढचा डोस घेऊ नका. माझ्याकडे या. काहीही करायचं नाही. फक्त... सैल सोडा."

आता हसू नका. इथे मी तुम्हाला खरं सांगते. त्या क्षणाला तो माणूस मला आवडला. फार आवडला! अहो, पुढचा डोस गुरुवारी होता. मला नुसता हॉस्पिटलचा जिना आठवला तरी उलटी यायची. तोंडाला तो लोखंडी वास, बोटांना मुंग्या, मग चार-पाच दिवस अंथरुणाला खिळणं... आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी समोर बसून म्हणत होतं, नको जाऊस. हा असा एक माणूस जगात भेटावा म्हणून मी मनातल्या मनात किती वाट बघितली असेल! डॉक्टरीण म्हणत नव्हती, हे म्हणत नव्हते, मीसुद्धा स्वतःला म्हणत नव्हते. हा म्हणाला. मी जवळजवळ "हो" म्हणणार होते. जिभेवर आलं होतं. वाटलं, गुरुवारी खिडकीत बसून चहा प्यावा. नुसता चहा. त्याला चहासारखी चव असेल.

आणि मी नणंदेकडे बघितलं. ती दारात उभी, पर्स छातीशी धरून, डोळे विस्फारलेले. विमा विकताना माणूस सही करायला वाकला की तिचा चेहरा कसा होतो ते मला माहितेय. तसा नव्हता. घाबरली होती. तिलाही हे ऐकायचं नव्हतं! तिला वाटलं होतं हा माळा वाजवेल, हात फिरवेल, जाईल.

मला माझेच ते सगळे शिकाऊ आठवले हो. ट्रक समोर आला की स्टिअरिंग सोडायचं आणि डोळे मिटायचे. डोळे मिटले की ट्रक जातो असं त्यांना मनापासून वाटतं! कोणाचाच गेला नाही आजपर्यंत. आणि ती ऑपरेटरबाई? ती म्हणाली मी कोणाला बरं करत नाही, म्हणूनच तिच्या हाताखाली मला झोप लागली. हा सगळं बरं करणार, म्हणूनच माझी झोप उडणार!

उठले. डोक्याचा रुमाल काढला, टक्कल त्याच्यासमोर धरलं आणि म्हटलं, "हे बघा ग्रँडमास्टर. विष आहे ते मला माहितेय. केस गेले, चव गेली, नखं काळी झाली. पण ते विष नुसतं मला नाही होत, त्या गाठीलाही होतंय, आणि आमच्या दोघींत आधी कोण मरतं ते मला बघायचंय! तुम्ही मधे पडू नका. उठा."

तो म्हणाला, "ताई, ही तुमची नकारात्मकता..."

"ती माझी आहे! तिला हात लावायचा नाही!"

अहो, आमच्या ह्यांनी दार उघडून धरलं! ह्यांनी! त्याला म्हणाले, "जिन्याला दिवा नाही, जपून उतरा, सैल सोडू नका, कठड्याला घट्ट धरा." ऐकू येत नाही म्हणे ह्यांना! सगळं येतं!

मी लगेच डॉक्टरणीला फोन लावला, सांगितल्याप्रमाणे. ती म्हणाली, "मॅडम, गुरुवारी येताय ना?" म्हटलं, "येतेय गं बाई, येतेय. रिव्हर्स नाही घेत."

नणंद गेली ती तोंड फिरवून. सोमवारी रस नाही. मंगळवारी फोन नाही. इतकी शांतता मिळाली की मला घर खायला उठलं! बोलणार कोणाशी? ह्यांच्याशी? त्यात बुधवारी ह्यांना ताप भरला. आणि मला तर कोणाची साधी शिंकसुद्धा चालत नाही, म्हणजे हे एका खोलीत, मी दुसऱ्या, आणि गुरुवारी जायचं एकटीने. ठरवलं, जाईन. रिक्षा करीन, स्टँड ढकलीन, काय व्हायचं ते होईल.

गुरुवारी सकाळी दार उघडलं तर ही दारात उभी. हातात थर्मास. चेहरा इतका आंबलेला! "चल," म्हणाली. फक्त "चल." आख्ख्या रस्त्यात एक शब्द नाही. विमा एजंट, आणि गप्प! मी दोनदा तिची नाडी बघणार होते.

रक्त दिलं आणि मी तिला घेऊन कॉरिडॉरच्या टोकाला गेले, ऑपरेटरबाईकडे. म्हटलं, बघा ताई, साधी रेकी कशी असते. मी पलंगावर चढणार, तेवढ्यात ऑपरेटरबाई माझ्यावरून नजर काढून तिच्याकडे बघायला लागली. नणंद भिंतीला टेकून उभी, खांदे कानाला भिडलेले, पर्स अशी आवळलेली की चामडं कुरकुरत होतं. ऑपरेटरबाईने मला विचारलं, "आधी ह्यांना घेऊ का? तुमची हरकत नसेल तर."

नणंद म्हणाली, "मला? मला काय झालंय? मी ठणठणीत आहे. पेशंट ही आहे." म्हणाली, आणि बसली. बसली कुठे? त्या चाकाच्या खुर्चीवर, टॉवेलवर, डबीवर, सगळ्यावर बसली! झुळझुळ चालू झालं!

ऑपरेटरबाईने तिच्या खांद्यांवर चार बोटं वरून हात धरले, आणि ती बाई फुटली. अशी फुटली! "मला काय येतं गं वहिनी? मला विकता येतं. लोकांना धाक दाखवून विमा विकता येतो, तुला काय विकू? तुझ्यासाठी काहीच नाही माझ्याकडे. रस आणला, तू कुंडीत ओतलास, दिसलं मला. तो माणूस आणला, तो मेला तुला मारायला निघाला होता. मी आणला त्याला! मी! तू हो म्हणाली असतीस तर?"

मी म्हटलं, "म्हणणार होते."

"मग?"

"मग काही नाही. तुमच्यावर सूड उगवायचा राहिलाय इतक्या वर्षांचा. मी आधी कशी मरू?"

रडता रडता हसली, हसता हसता उचकी लागली, आणि म्हणाली, "तू गेलीस तर मी भांडू कोणाशी? दादाला तर ऐकूच येत नाही."

"येतं!" मी म्हटलं. "सगळं येतं!"

त्या दिवशी मी झोपले नाही. वेळच उरला नाही. पण डोस घेतला. नणंद पूर्ण वेळ शेजारी, स्टँडचं ते वाकडं चाक पायाने सरळ धरून.

आता गाठ लहान झालीय बरं का. डॉक्टरीण म्हणाली चांगली लहान झालीय. सांगताना तिचा चेहरा पार्किंग जमल्यासारखा! ऑपरेशन व्हायचंय अजून, पुढचं सगळं व्हायचंय, काय होईल सांगता येत नाही. पण तो मान त्या औषधांचा. रेकीवर माझा अजूनही काडीचा विश्वास नाही, ऑपरेटरबाईलाही सांगून ठेवलंय. ती म्हणते, "नसू दे."

पण तक्रार ही आहे माझी, आणि तुम्हीच काय तो न्याय करा. आता दर वेळी नणंद बरोबर येते. रक्त देऊन होतं. आणि कॉरिडॉरच्या टोकाला पोचलो की बाई म्हणते, "वहिनी, आधी मी दोन मिनिटं बसू? मग तू जा." दोन मिनिटं! पडदा ओढला की हिचं घोरणं सुरू! ऑपरेटरबाई पडद्यातून मान काढून मला खुणावते, उठवू का? आणि मी काय सांगणार? कितीतरी दिवसांनी झोपलीय म्हणे. असू दे. झोपू दे.

मी बाहेर बाकावर. हिची पर्स, हिचा थर्मास, हिचा स्वेटर मांडीवर घेऊन. परवा शेजारी एक गृहस्थ येऊन बसले. मी लोकरीची टोपी घातलेली, कानापर्यंत ओढून, त्यामुळे त्यांना काही कळलं नाही. आतून घोरणं ऐकू येत होतं. त्यांनी बिचाऱ्यांनी आवाज अगदी हळू केला. "आत कोण आहे तुमचं?"

म्हटलं, "नणंद."

"अरेरे... फार थकलेल्या दिसतात. काय झालंय हो त्यांना?"

आता काय सांगू माणसाला? म्हटलं, "काय सांगू दादा... माझा कॅन्सर झालाय त्यांना."